विद्यार्थ्याचे ध्येय : इच्छा आणि प्रयत्न

वर्षावासातील एका पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहारात एक माता आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. या घराने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेली. मुलगा जिल्ह्याच्या गावी इंजिनियरिंगच्या कॉलेजात शिकणारा. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला पहिलाच. आई म्हणाली, "भाऊ, ह्याला चार शब्द सांगा. पहिल्याच वर्षाला तीन विषय राहिले. ध्येय ठेव, ध्येय ठेव म्हणून आमचा घसा कोरडा पडला, पण ह्याचं मन काही लागत नाही."

मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला जवळ बसवले आणि विचारले, "बाळ, तुझं ध्येय काय?"

"इंजिनियर व्हायचं, सर. डिस्टिंक्शन मिळवायचं. खोलीत भिंतीवर तसं लिहूनच ठेवलंय."

"बरं, मग रोज सकाळी उठून काय करतोस?"

त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "पुस्तक उघडलं की ते भिंतीवरचं दिसतं. मग वाटतं, नाही जमलं तर घरी काय सांगू? आणि पुस्तक मिटून टाकतो."

या मुलाला ध्येय नव्हते असे कोणी म्हणू शकेल काय? ध्येय होते, मोठे होते, आणि रोज डोळ्यांसमोर होते. तरीही त्याचा अभ्यास होत नव्हता; उलट त्या ध्येयाच्याच धाकाने पुस्तक मिटत होते. तेव्हा विद्यार्थ्याने ध्येय ठेवावे की ठेवू नये, हा खरा प्रश्न नाही. ध्येय कशावर ठेवावे, कोणत्या भावनेने ठेवावे आणि कोणासाठी ठेवावे, हा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही, तो शीलाचाही आहे. म्हणून धम्माच्या प्रकाशात त्याचा विचार करणे उचित होईल.

कोंबडी आणि अंडी

संयुत्त निकायात तथागतांनी भिक्खूंना एक साधा दृष्टांत दिला आहे. एखाद्या कोंबडीने अंडी घातली, पण ती त्यांच्यावर नीट बसली नाही, त्यांना ऊब दिली नाही, आणि नुसती इच्छा करीत राहिली की माझी पिल्ले सुखरूप बाहेर यावीत, तर ती येतील काय? येणार नाहीत. उलट, खुडूक कोंबडी अंड्यांवर नीट बसली, तिने त्यांना पुरेशी ऊब दिली, तर तिच्या मनात अशी इच्छा आली नाही तरी पिल्ले कवच फोडून बाहेर येणारच. त्याच ठिकाणी सुताराचाही दृष्टांत आहे. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. आज दांडा किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण तो झिजला म्हणजे झिजला, हे मात्र त्याला कळते. रोजच्या कामाची झीज अशीच असते.

हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे निरीक्षण आजच्या कॉलेजातही तपासून पाहता येते. डॅमन क्लार्क, डेव्हिड गिल, व्हिक्टोरिया प्रॉझ आणि मार्क रश या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात सुमारे ४,००० विद्यार्थ्यांवर प्रयोग केले; त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी या विषयात किती गुण मिळवायचे त्याचे ध्येय ठरवायला सांगितले. दुसऱ्या काहींना गुणांचे काहीच विचारले नाही. सरावाच्या किती प्रश्नपत्रिका सोडवणार, एवढेच ठरवायला सांगितले. ज्यांनी गुणांचे ध्येय ठेवले त्यांच्या निकालात सांगण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांनी सरावाचे ध्येय ठेवले त्यांनी सराव अधिक केला आणि त्यांचे गुणही वाढले. हा लाभ मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसून आला.

असे का व्हावे? कारण उघड आहे. गुण मिळतात ते चार महिन्यांनी, आणि मोबाईल असतो तो आत्ता हाताजवळ. शिवाय गुण केवळ आपल्या हाती नसतात. प्रश्नपत्रिका अवघड निघेल, तपासणारा कडक असेल, ऐन परीक्षेत ताप येईल. जे दूर आहे आणि अनिश्चित आहे, ते आजच्या आळसाला आवर घालू शकत नाही. पण "आज रात्री जेवणापूर्वी पाच गणिते" हे ध्येय जवळ आहे, आपल्या हाती आहे, आणि ते पाळले की नाही याविषयी स्वतःला फसवता येत नाही.

हे निष्काम कर्म नव्हे

येथे एखादा जागरूक वाचक मला थांबवील. तो म्हणेल, "फळाकडे पाहू नकोस, काम करीत राहा, हे तर गीतेने सांगितलेच आहे. ते सोडून आम्ही धम्मात आलो, आणि तुम्ही पुन्हा तेच सांगता?"

हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. फळावर तुझा अधिकार नाही, हा उपदेश चातुर्वर्ण्य मानणाऱ्या समाजात दिला गेला. त्याचा व्यवहारात अर्थ काय झाला, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहे. गावकीची सगळी कामे त्यांनी करायची, आणि फळ मागितले तर उद्धट ठरायचे. ज्याला फळ मागू नकोस असे शिकवले जाते, त्याच्या श्रमाचे फळ दुसराच कोणीतरी घेऊन जातो. १९२७ साली महाडला आपली माणसे गेली ती फळाची इच्छा सोडून नव्हे. पाणी पाहिजे, माणुसकी पाहिजे, असे म्हणत गेली.

तथागत फळ सोडायला सांगत नाहीत. ते सांगतात की फळ कारणातून येते. प्रतीत्यसमुत्पादाचा हाच अर्थ आहे : हे असले तर ते होते, हे नसले तर ते होत नाही. म्हणून फळ हवे असेल त्याने कारणाकडे लक्ष द्यावे. कोंबडीला पिल्ले नको आहेत असे दृष्टांतात कोठेही म्हटलेले नाही. पिल्ले हवी आहेत म्हणूनच ऊब द्यायची आहे. आपल्या मुलाला पदवी हवी, नोकरी हवी, पक्के घर हवे, यात लाजण्यासारखे काही नाही. बापाने मजुरी करून फी भरलेली असते. तेव्हा निव्वळ ज्ञानासाठी शिक, नोकरीचा विचार करू नकोस, असा उपदेश ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच सुचतो.

बाबासाहेबांचेच जीवन पाहा. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे किती वेळ हाती आहे आणि त्याची किंमत काय, हे त्यांना नेमके ठाऊक होते. तो वेळ त्यांनी ग्रंथालयात घालवला. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू केला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धा टाकून परतावे लागले. ध्येय पदवीवरच टांगलेले असते तर तेथेच सगळे संपले असते. १९१८ साली ते मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. परिस्थितीने फळ पुढे ढकलले, पण काम त्यांच्या हातून सुटले नाही.

तृष्णा आणि छंद

नवदीक्षित कुटुंबातील तरुण आणखी एक शंका विचारतात. दुःखाचे मूळ तृष्णा आहे असे धम्म सांगतो. मग ध्येय ठेवणे ही तृष्णाच नव्हे काय?

पाली भाषेत इच्छेला एकच शब्द नाही. तृष्णा म्हणजे हव्यास. मिळाले तरी तो भागत नाही आणि नाही मिळाले तर माणसाला जाळतो. पण दुसरा शब्द आहे 'छंद'. आज मराठीत आपण हा शब्द फावल्या वेळच्या आवडीसाठी वापरतो. पालीत, तो कुशल गोष्टीसंबंधी आला म्हणजे, त्याचा अर्थ ती गोष्ट करण्याची मनापासूनची इच्छा असा होतो. तथागतांनी सिद्धीचे जे चार पाय सांगितले, ज्यांना इद्धिपाद म्हणतात, त्यांतला पहिला पाय छंद आहे. दुसरा वीर्य, म्हणजे उद्योग. तिसरा चित्त, म्हणजे एकाग्र मन. आणि चौथा वीमंसा, म्हणजे तपासून पाहणे, चूक कोठे झाली ते शोधणे. हे चारही साधकासाठी सांगितले आहेत, पण विद्यार्थ्याला यांतला एकही वगळून चालणार नाही.

ध्येयामागे छंद आहे की भीती आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. अँड्र्यू एलियट आणि मार्सी चर्च या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना तीन प्रकारची ध्येये आढळली. विषय समजून घ्यायचा, हे पहिले. इतरांपेक्षा पुढे जायचे, हे दुसरे. इतरांपेक्षा मागे पडून हसे होऊ द्यायचे नाही, हे तिसरे. पहिल्या ध्येयाच्या विद्यार्थ्यांना विषयाची गोडी लागली. दुसऱ्या ध्येयाच्या विद्यार्थ्यांना गुण चांगले मिळाले, पण त्या ध्येयाने विषयाची गोडी वाढली नाही. तिसऱ्या ध्येयाने मात्र गोडी आणि गुण दोहोंचीही हानी केली.

माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या भिंतीवर डिस्टिंक्शन लिहिलेले होते, पण मनात तिसरे ध्येय होते : घरी काय सांगू, लोक काय म्हणतील! आणि हे ध्येय त्याच्या मनात कोणी घातले? आपणच घालतो. शेजारचा मुलगा बघ, मामाचा मुलगा बघ, आमचे नाक कापू नकोस. हे सगळे आपण मायेपोटी बोलतो. पण मुलाच्या कानी त्यातली माया पोचत नाही, धाक तेवढा पोचतो.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट येथे आठवते. श्रीमंत घरात वाढलेला हा तरुण संघात आला आणि पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करू लागला. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. फार ताणला तर अस्वस्थता येते, फार सैल सोडला तर आळस येतो. रात्रभर जागून डोळे लाल करणारा आणि महिनाभर पुस्तकाला हात न लावणारा विद्यार्थी पुष्कळदा एकच असतो, हे कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

हे शिक्षण कोणासाठी?

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय बाबासाहेबांनी सुरू केले. एकाला सत्याच्या शोधासाठी घर सोडणाऱ्याचे नाव, दुसऱ्याला नागसेन भिक्खूंना प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव. आपल्या मुलांनी येथे काय शिकावे हे त्या नावांतच आले आहे. पण १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयी त्यांनी जे दुःख बोलून दाखवले, तेही आपण विसरू नये. शिकले, नोकरीला लागले, आणि समाजाकडे पाठ फिरवली, ही त्यांची वेदना होती.

मग मुलाला आधीच बजावावे काय, की समाजाचे ऋण तुझ्या डोक्यावर आहे? येथे फार सांभाळून बोलले पाहिजे. अंगुत्तर निकायात चार प्रकारची माणसे सांगितली आहेत. जो स्वतःचे हित पाहत नाही आणि दुसऱ्याचेही पाहत नाही, तो दोन्ही टोकांनी जळालेल्या चितेतल्या लाकडासारखा. ना गावात कामाचा, ना रानात. जो दुसऱ्याचेच पाहतो, स्वतःचे नाही, तो त्याच्यापेक्षा बरा. जो स्वतःचे हित साधतो तो त्याहून बरा. आणि जो स्वतःचे व दुसऱ्याचे दोहोंचेही साधतो, तो सर्वांत श्रेष्ठ. स्वतः न घडलेला माणूस दुसऱ्याला काय घडवणार, असाच त्याचा अर्थ आपल्याला घेता येईल. म्हणून कोवळ्या मुलावर सगळ्या समाजाचे ओझे टाकणे धम्माला धरून नाही.

पण दुसऱ्याच्या हिताची इच्छा मुलाच्या मनात स्वतःहून उगवली, तर तिच्यात मोठे बळ असते. डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की शिकून आपण कोणाच्या तरी उपयोगी पडू असे ज्या विद्यार्थ्यांना वाटत होते, ते कंटाळवाण्या गणितालाही अधिक काळ चिकटून राहिले. निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले, की ज्या विद्यार्थ्यांचे आईवडील कॉलेजात गेलेले नसतात, ते घराला हातभार लावावा, आपल्या वस्तीसाठी काही करावे अशा हेतूने अधिक प्रमाणात येतात. पण विद्यापीठ त्यांना सांगते, तू तुझा एकटा उभा राहा, तुझी वाट तूच काढ. या विसंगतीमुळे ते मागे पडतात. विद्यापीठाच्या स्वागतपत्रात सर्वांनी मिळून शिकायचे आहे असे लिहून पाहिले, तेव्हा दिलेल्या कामात ते मागे राहिले नाहीत. तो अभ्यास अमेरिकेतला आहे, पण एकट्याने शहरात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलाला तो परका वाटणार नाही.

सगळा दोष ध्येयाचा नव्हे

इतके सांगितल्यावर एक इशारा दिला पाहिजे. मूल मागे पडले म्हणजे त्याचेच ध्येय चुकले, असा निवाडा करू नये. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलासमोर एकदम जाड इंग्रजी पुस्तके येतात. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा येतो आणि मेसचे पैसे थकतात. आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. ही कारणे मुलाच्या मनात नसतात, बाहेर असतात. पूर्वी आपल्या दैन्याला गेल्या जन्मीचे कर्म म्हणत असत. आता त्यालाच "तुझी जिद्द कमी पडली" असे म्हणू लागलो, तर नाव बदलले, अन्याय तोच राहिला. कारण बाहेर असेल तेथे ते बाहेरच शोधावे, अर्ज करावा, संघटित होऊन दाद मागावी. कारण आपल्या हातातले असेल तेथे आपला हात चालवावा. दोहोंतला भेद ओळखणे हीच वीमंसा आहे.

घराने काय करावे

घरातल्या वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात असे मला वाटते. पहिली, मुलाचा फोन आला की "किती मार्क पडले?" असे न विचारता "आज काय समजलं? काय अडलं?" असे विचारावे. आपल्याला त्या विषयातले काही कळत नसले तरी विचारावे. सांगता सांगता मुलालाच ते उलगडते. दुसरी, नापास झाल्याची बातमी घरी सांगायला मुलाला भीती वाटणार नाही, असे घर ठेवावे. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील आपण मुलाला देतो. मग खरे बोलल्यावर त्याला आसराही दिला पाहिजे. तिसरी, विहारात संध्याकाळी दोन तास दिवा, सतरंजी आणि शांतता एवढी सोय करावी. वरच्या वर्गातल्याने खालच्या वर्गातल्याला शिकवावे. त्यात स्वतःचे हित आहे आणि दुसऱ्याचेही आहे.

त्या दिवशी मी मुलाला भिंतीवरचा कागद काढून टाक असे सांगितले नाही. इंजिनियर व्हावे ही त्याची इच्छा चांगली आहे; ती तेथे राहू दे. फक्त त्याच्याखाली दुसरा कागद लाव म्हटले. त्यावर रोज सकाळी आजचे काम लिहायचे, अगदी थोडे, आणि रात्री निजण्यापूर्वी झाले की नाही ते खरे लिहायचे. चार दिवस नाही झाले तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. का झाले नाही ते शोधायचे आणि पाचव्या दिवशी पुन्हा बसायचे. आईला सांगितले, "बाई, आता ध्येयाचं विचारू नका. त्या खालच्या कागदाचं विचारा."

पुढे माघ पौर्णिमेला तो भेटला. तीन विषयांपैकी एक सुटला होता, दोन राहिले होते. एवढ्यावर चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही, आणि धम्मात चमत्काराला स्थानही नाही. पण त्याने आपणहून वही काढून दाखवली. वहीत मधले काही दिवस कोरे होते आणि कोऱ्या दिवसांपुढे कारणे लिहिलेली होती. एका ठिकाणी लिहिले होते, "आज खोलीतल्या मित्राला गणित समजावलं. मलाही आज नीट कळलं." ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या घरातून कॉलेजात जाणारे पहिले पाऊल फार मोलाचे आहे. त्या पावलापुढे दूरचा डोंगर जरूर दाखवावा, पण पाय ठेवण्यापुरती जवळची वाटही दाखवावी. इच्छा करणे सोपे आहे, ती आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. आता ऊब देण्याचे काम रोज थोडे थोडे, भीती न बाळगता, एकमेकांच्या साथीने करू या. सर्वांचे मंगल होवो.